घरातला प्रॉक्सी



'प्रॉक्सी' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो संगणकाच्या पुस्तकात नव्हे, कॉलेजच्या वर्गात. सकाळी सातचा तास असायचा आणि आमची एस.टी. चुकायची. मग माझा मित्र माझ्या रोल नंबरला जरा आवाज बदलून "यस सर" म्हणायचा. एकदा सरांनी हजेरी झाल्यावर डोकी मोजली. आवाज निघाले होते ५२ आणि डोकी भरली ३९. मला कुणी काही विचारलं नाही, कारण मी वर्गात नव्हतोच! उभं केलं ते त्याला. पंधरा दिवस तो त्या तासाला वर्गाबाहेर होता आणि मी आत बसून वह्या उतरवून घेत होतो.

आज ज्या प्रॉक्सीबद्दल लिहितोय तिचं कामही हेच आहे. माणूस एकीकडे, हजेरी दुसरीकडे. आमच्या घरात असा एक प्रॉक्सी दीड-दोन वर्षं चालू आहे. देवघराच्या वरच्या खिडकीत, काच तडकलेला एक जुना मोबाईल. तो कसा उभा केला, त्यात काय चुकलं आणि त्या चुकीनं एक रात्र कशी झोप उडवली, हे सविस्तर सांगतो. तांत्रिक भाग आला तर पान उलटू नका, अवघड काही नाही.

आमची थोरली मुलगी २०२३ च्या सप्टेंबरात पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेली. गेल्यावर महिन्याभरात कळलं की इथल्या एका शिष्यवृत्तीचं पान तिला तिकडून उघडतच नाही. इथं माझ्या मोबाईलवर उघडतं, तिच्या लॅपटॉपवर नुसतं गोल फिरत राहतं. सुरक्षेसाठी काही संकेतस्थळं देशाबाहेरून येणारी विनंती दारातच थांबवतात. आता अर्ज तर भरायचा होता. मग रात्री अकराला व्हिडिओ कॉल लावून ती सांगणार आणि मी टाइप करणार, असं सुरू झालं. तिचा पासवर्ड माझ्या वहीत, तिचा ओटीपी माझ्या फोनवर. 'आईचे नाव' या रकान्यात मी भक्तिभावानं माझ्या आईचं नाव भरलं. अर्ज पुढे गेल्यावर ते लक्षात आलं. दुरुस्तीला तीन आठवडे लागले आणि हप्ता लांबला. तिकडे खोलीभाडं थांबत नाही हो.

तुम्ही म्हणाल, बाजारात विकतचे व्हीपीएन मिळतात, एक घेऊन टाकायचा. ते आम्ही पाहिलं. पण २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेनं निर्देश काढले, त्यात व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवावी असं म्हटलं होतं. त्यानंतर काही नामांकित कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर बाहेर हलवले. शिवाय एकाच पत्त्यावरून शेकडो लोक येताना दिसले की संकेतस्थळांना संशय येतो. आम्हाला हवा होता एक साधा, घरगुती, इथला पत्ता. तो तर घरात होताच! आईच्या नावावरचं एक सिम पडून होतं. आई बटणाचा फोन वापरते आणि तिचा नंबर वेगळा आहे. हे दुसरं सिम एका योजनेत घेतलं होतं, तसंच राहिलं. रिचार्ज मारला, जुन्या फोनमध्ये घातलं.

आता प्रॉक्सी म्हणजे काय ते बघू. मुलीचा लॅपटॉप थेट त्या संकेतस्थळाकडे जात नाही. तो आमच्या खिडकीतल्या फोनला सांगतो, "हे पान आणून दे." फोन इथल्या नेटवरून ते पान मागतो आणि आलेलं तिच्याकडे पाठवतो. संकेतस्थळाला दिसतो फक्त आमचा फोन. तिकडची हजेरी, इथला आवाज.

प्ले स्टोअरवरून प्रॉक्सी चालवणारं एक अ‍ॅप घेतलं. पाच मिनिटांत चालू झालं, पडद्यावर पत्ता आला, पोर्ट ८०८०. त्याच वायफायवरच्या दुसऱ्या फोनवरून करून बघितलं, झकास चाललं. मग वायफाय बंद करून सिमचं नेट सुरू केलं आणि शाळेत गेलो. मधल्या सुट्टीत शाळेच्या संगणकावरून जोडून बघतो तर काहीच नाही. चार दिवस मी तो पत्ता उलटसुलट करून टाकत होतो.

इथं थोडं थांबूया, कारण खरा धडा इथं आहे. आयपी पत्ता जुन्या पद्धतीनं ३२ बिटांचा असतो. दोनचा ३२ वा घात करा, ४२९ कोटी ४९ लाखांच्या आसपास येईल. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर, त्यात एकेका घरात पाच-पाच उपकरणं. पत्ते पुरणार कसे? फेब्रुवारी २०११ मध्येच जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. मग मोबाईल कंपन्या काय करतात, तर हजारो ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात आणि आत प्रत्येकाला खासगी पत्ता वाटतात. जुन्या वाड्यासारखं. बाहेर पाटी एकच, आत पंचवीस बिऱ्हाडं. आतल्या बिऱ्हाडानं पत्र पाठवलं तर दारावरचा माणूस नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की बरोबर त्या खोलीत पोचवतो. पण बाहेरून कुणी नुसत्या वाड्याच्या पत्त्यावर पत्र टाकलं, तर ते कुणाचं हे त्याला कळायचं कसं? तो ते परत पाठवतो. माझा चार दिवसांचा उद्योग म्हणजे वाड्याच्या दारात उभं राहून नाव न सांगता हाका मारणं होतं.

तुम्ही स्वतः करून बघा. वायफाय बंद करा, मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' या भागात आयपी पत्ता बघा. तो १० ने सुरू होतोय, की १०० ने? १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये खास याच वाड्यांसाठी राखून ठेवला गेला. मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' असं शोधा. दोन्ही पत्ते वेगळे दिसले तर तुम्हीही वाड्यातले भाडेकरू. सोबत एक लांबलचक, अक्षरं-अंक मिसळलेला पत्ताही दिसेल. तो नव्या पद्धतीचा, १२८ बिटांचा. त्याचे पत्ते संपायचे नाहीत, पण माझ्या सिमवर त्या वाटेनंही बाहेरून आत येता आलं नाही.

मग उपाय एकच. बाहेरून हाक मारायची नाही. आतल्या फोननंच आधी बाहेर फोन लावायचा आणि ठेवायचाच नाही. त्या चालू लाइनवरून उलट्या दिशेनं कामं सांगायची. याला बोगदा म्हणतात. मी महिना काही शे रुपयांवर मुंबईतला एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला. फोनवर टर्मक्स नावाचं अ‍ॅप घातलं, त्यात मायक्रोसॉक्स नावाचा इवलासा प्रॉक्सी चालवला आणि फोनपासून सर्व्हरपर्यंत एसएसएचचा बोगदा टाकला. एसएसएच १९९५ मध्ये फिनलंडमध्ये तयार झालं, विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले म्हणून. म्हणजे मूळ हेतूच सुरक्षितता. अशा वस्तूच्या साहाय्यानं मी घराला भगदाड कसं पाडलं ते आता ऐका.

मुलीला जोडता येईना. शोधत शोधत एका ठिकाणी वाचलं की सर्व्हरवर 'गेटवेपोर्ट्स' नावाची एक ओळ 'होय' केली की बाहेरून जोडता येतं. केली. लगेच चालू! तिकडून मुलगी ओरडली, "बाबा, पान उघडलं!" आईनं साखर ठेवली देवापुढे. मी इतका खूश होतो की ती ओळ म्हणजे काय, हे समजून घेतलंच नाही. त्या ओळीचा अर्थ असा होता, की हा दरवाजा आता फक्त माझ्या मुलीला नाही, सगळ्या जगाला उघडा. आणि पासवर्ड? 'नंतर लावू' म्हणून ठेवला होता. वर्गात गृहपाठाबद्दल हेच दोन शब्द मी रोज ऐकतो आणि रोज रागावतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला मोबाईल कंपनीचा संदेश आला की आजचा सगळा डेटा संपला. दीड जीबी. मुलगी तर त्या वेळी झोपेत, तिकडे पहाटेचे साडेचार. वाटलं अ‍ॅपनं अपडेट घेतलं असेल. दुसऱ्या दिवशी साडेसातलाच संपला. मग फोन खिडकीतून काढून टर्मक्सचा पडदा बघितला. मायक्रोसॉक्स प्रत्येक जोडणीची एक ओळ छापतं, कुठे जोडलं ते. ओळी धबधब्यासारख्या वर सरकत होत्या. कधी न ऐकलेल्या दुकानांची नावं, तिकिटांची संकेतस्थळं, काही नावं कुठल्या भाषेतली ते मला वाचताही येईना. आणि मध्येमध्ये २५ क्रमांकाचा पोर्ट. २५ म्हणजे एका मेल सर्व्हरनं दुसऱ्याला ईमेल द्यायची वाट. कुणीतरी माझ्या आईच्या सिमवरून जगाला पत्रं धाडायचा प्रयत्न करत होतं.

इंटरनेटवर रात्रंदिवस काही यंत्रं फिरत असतात, एकेक पत्ता, एकेक दार ढकलून बघत. कुठलं उघडं आहे याच्या याद्या बनतात आणि त्या वाटल्या जातात. मला कुणी हेरलं नव्हतं. गल्लीतून जाता जाता प्रत्येक कडी हलवून बघणाऱ्याला आमची कडी लागलेली नव्हती, एवढंच.

सगळं बंद केलं. सिम काढलं. सर्व्हर पुसला. ती ओळींची यादी मात्र एका फाइलमध्ये ठेवून दिली. त्या रात्री झोप नाही. आई शेजारच्या खोलीत, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, हरिपाठ म्हणून झोपलेली. उद्या त्या दोन-तीन दिवसांत कुणी काही उद्योग केला असेल, कुणाचे पैसे लाटले असतील, कुणाला धमकी दिली असेल, तर तपास करणाऱ्यांना काय सापडणार? पत्ता, पोर्ट, वेळ. मोबाईल कंपनीकडच्या नोंदी बघितल्या की त्यावरून सिम. सिमवरून नाव. पोलीस विचारत येणार ते आईला. कॉलेजातला तो मित्र मला त्या रात्री फार आठवला. माझ्यासाठी पंधरा दिवस बाहेर बसला होता आणि मी साधं सॉरीसुद्धा म्हटलं नव्हतं.

सकाळी आईला सांगितलं. तिला सर्व्हर-बोगदा काय सांगणार? म्हटलं, "तुझ्या नावाची चावी मी रस्त्यावर विसरलो होतो दोन दिवस." ती म्हणाली, "सापडली ना? मग कुलूप बदल."

तर कुलूप बदललं. या वेळी घाई केली नाही, दोन रविवार नुसतं वाचलं. शेवटी टेलस्केल वापरलं. त्याच्या पोटात वायरगार्ड नावाची पद्धत आहे, जी २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाली. कल्पना अशी, की आपल्या मोजक्या उपकरणांचं एक खासगी जाळं करायचं. प्रत्येक उपकरणाची स्वतःची किल्ली. ज्याची किल्ली यादीत नाही, त्याला दार दिसतसुद्धा नाही, मग ढकलणार काय? वाड्याची अडचणही सुटते, कारण दोन्ही फोन आतून बाहेर हाक मारतात आणि मधल्या मध्ये त्यांची गाठ घालून दिली जाते. गंमत म्हणजे या जाळ्यातले पत्तेही त्याच १०० च्या पट्ट्यातले असतात, त्यामुळे पहिल्यांदा बघताना माझा गोंधळ उडाला.

घरच्या फोनवर अ‍ॅप घातलं, 'एक्झिट नोड' म्हणून चालव असं सांगितलं आणि खात्याच्या पानावर जाऊन त्याला मंजुरी दिली. मुलीच्या लॅपटॉपवर आणि फोनवर तेच अ‍ॅप, तिथं एक्झिट नोड म्हणून घरचा फोन निवडायचा. काटेकोरपणे बोलायचं तर हा प्रॉक्सी नव्हे. प्रॉक्सी एका ब्राउझरचं काम अंगावर घेतो, इथं तिच्या लॅपटॉपची सगळीच वाहतूक आमच्या खिडकीतून बाहेर पडते. पण घरात सगळे त्याला प्रॉक्सीच म्हणतात, मीही म्हणतो. खात्याला दुहेरी पडताळणी लावली. घरच्या फोनचा वापर फक्त तिच्या दोन उपकरणांना, बाकी कुणाला नाही, मलाही नाही.

हे करून महिनोन् महिने चालवताना जे कळलं ते कुठल्या व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. डेटा दुप्पट जातो! तिनं १०० एमबी बघितले तर फोन ते १०० एमबी आधी इथं उतरवतो आणि मग तिच्याकडे चढवतो. सिमवर मोजले जातात २००. दीड जीबीच्या पॅकमध्ये तिला मिळतो पाऊण. आणि वेग ठरतो तो चढवण्याच्या वेगावर, जो मोबाईलवर उतरवण्यापेक्षा बहुतेक वेळा कमी. म्हणून फक्त अर्ज, बँक, कागदपत्रं. सिनेमा बघायचा असेल तर तिकडच्या नेटवर बघ म्हणून तिला बजावलंय.

अँड्रॉइडला अ‍ॅप झोपवायची फार हौस. बॅटरी वाचवण्याच्या यादीतून ते अ‍ॅप वगळावं लागतं, नाहीतर दोन तासांत दार बंद. सहा महिन्यांनी एकदा सगळं ठीक असून जोडणी होईना. आईनं फोन तीनदा बंद-चालू केला. शेवटी कळलं, त्या किल्लीची मुदत १८० दिवसांची असते, ती संपली होती. घरी ठेवायच्या उपकरणाला ती मुदत खात्यातून काढता येते. काढली. वीज जाण्याचा मात्र त्रास नाही. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल नेम नसतो, वायफायचा डबा लगेच मरतो, फोन आपल्या बॅटरीवर चालत राहतो.

पण तीच बॅटरी दिवाळीच्या साफसफाईत दगा देताना दिसली. चोवीस तास चार्जरला लावलेला, त्यात दुपारचं ऊन खिडकीतून. मागचं झाकण उचललं गेलं होतं, आत बॅटरी फुगलेली. फुगलेली बॅटरी कधीही दाबायची नाही, टोचायची नाही, पुन्हा चार्ज करायची नाही, हे माझ्या वर्गातल्या मुलांना मी सांगून ठेवलंय, तुम्हालाही सांगतो. आता चार्जरला टायमर लावलाय, दिवसातून दोनदा ठरावीक वेळ. फोन खिडकीच्या सावलीच्या बाजूला, खाली लाकडी पाट नाही तर फरशीचा तुकडा.

तो फुगलेला फोन घेऊन मी बाजारातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकान माझ्याच एका माजी विद्यार्थ्याचं. हुशार पोरगा, दहावीला गणितात उत्तम होता, पुढं शिकणं जमलं नाही. त्यानं विचारलं, "सर, हा चोवीस तास कशाला चालवता?" मी सांगितलं. तो हसला. "सर, मग पैसेच का नाही कमवत?" मागच्या फळीवर चार जुने फोन ओळीनं मांडलेले, चारही चालू. एक अ‍ॅप आहे म्हणाला, ते टाकायचं आणि सोडून द्यायचं. उरलेलं नेट ते कुणाकुणाला वापरायला देतात आणि जीबीमागं पैसे जमा होतात. महिन्याला त्याचा रिचार्ज निघून वर थोडे सुटतात.

मला ओरडावंसं वाटलं नाही. त्याच्या दुकानाचं भाडं मला माहीत आहे. पण विचारलं, "कोण वापरतं रे?" म्हणाला, "कंपन्या असतात सर, मार्केट रिसर्च वगैरे." असेलही. असे काही व्यवहार सरळही असतात. मी त्याला २०२४ च्या मे महिन्यातली बातमी सांगितली. अमेरिकेच्या न्याय खात्यानं '९११ एस ५' नावाचं एक जाळं मोडलं. फुकट व्हीपीएनच्या नावाखाली लोकांच्या घरच्या संगणकांत शिरून त्यांचे पत्ते गुन्हेगारांना भाड्यानं दिले जात होते, १९० हून अधिक देशांतले १ कोटी ९० लाखांवर आयपी पत्ते. ज्यांचे पत्ते होते त्यांना पत्ताच नव्हता. तो म्हणाला, "पण सर, ते चोरून घेत होते, मी तर स्वतः होय म्हटलंय." बरोबर होतं त्याचं. मला पटकन उत्तर सुचेना.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती जपून ठेवलेली फाइल घेऊन गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं आपल्या संगणकावर उघडली आणि खाली सरकवत गेला. बराच वेळ. २५ म्हणजे काय ते त्याला माहीत होतं.

"हे दोन दिवसांचं आहे?"

"दोन दिवसांचं. आणि मला हे दिसलं तरी. तुझं ते अ‍ॅप यातलं काही दाखवतं का?"

तो काही बोलला नाही. मी विचारलं, "सिम कुणाच्या नावावर आहेत?"

"दोन माझ्या. एक वडलांच्या." मग जरा थांबून, "एक बहिणीच्या. तिला माहीत नाही."

बहिणीचं सिम त्यानं माझ्यासमोर काढलं. वडलांचं संध्याकाळी काढतो म्हणाला. उरलेल्या दोनांचं काय करायचं ते बघतो म्हणाला. मी पुन्हा विचारलेलं नाही, पण परवा स्क्रीनगार्ड लावायला गेलो तेव्हा मागच्या फळीवर एकच फोन चालू होता.

आमच्या खिडकीतला मात्र चालू आहे. बॅटरी त्याच दुकानातून बदलून घेतली. सिम अजून आईच्याच नावावर आहे, तिला विचारूनच ठेवलंय. आठवड्यातून एकदा तरी तिकडून फोन येतो, "आजी, फोन झोपलाय बघ." मग आई जपाची माळ खाली ठेवते, चष्मा लावते, स्टुलावर चढू नको म्हटलं तरी चढते आणि बाजूचं बटण दाबून धरते. दिवा लागला की खालूनच ओरडून सांगते, "आलं गं रेंजमधी, कर तुझं काम."